समोरच्या गच्चीवरचा टॉवर आणि हातातला फोन

'वाचकांचे प्रश्न' या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मोबाइल टॉवर आणि फोन यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींविषयी होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दादरला चौथ्या मजल्यावर राहतो. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी मोबाइल टॉवर बसला. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट दिसतो. त्यानंतर आमच्या इमारतीत दोघींना स्तनाचा कर्करोग झाला. घरात दहा वर्षांचा नातू आहे आणि सून गरोदर आहे. टॉवरच्या किरणोत्सर्गामुळे हे झाले असेल का? आम्ही घर बदलावे का? (एक वाचक भगिनी, दादर)

उत्तर : शेजारच्या दोन घरांत एवढे मोठे दुखणे आल्यावर खिडकीतून रोज दिसणाऱ्या वस्तूकडे संशयाने पाहिले जाणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

आरंभ शब्दापासून करावा लागेल. 'रेडिएशन'ला आपल्याकडे सरसकट 'किरणोत्सर्ग' म्हणतात आणि मुंबईकराच्या मनात हा शब्द ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांशी, क्ष-किरणांशी आणि परळच्या टाटा रुग्णालयातल्या उपचारांशी जोडला गेलेला आहे. टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी, आणि मुंबईत १९२७ साली नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हापासून या जातीच्या लहरी शहराच्या हवेत आहेत. अणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्यासाठी, आणि त्यातून पेशीतल्या डीएनएला इजा होण्यासाठी, साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक अतिसूक्ष्म एकक) ऊर्जेचा कण लागतो; उजेड, क्ष-किरण आणि रेडिओलहरी अशा कणाकणांनीच ऊर्जा देतात. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजली, तर ती चारही भरत नाही. साध्या पिवळ्या-हिरव्या उजेडाच्या कणात तिच्या सुमारे सहा लाख पट ऊर्जा असते. क्ष-किरण जी हानी करतात ती करण्याचे सामर्थ्य या लहरींत नाही आणि त्या कितीही काळ अंगावर पडल्या तरी त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा वाढत नाही.

मग त्या काहीच करत नाहीत का? करतात. शरीरातल्या पाण्याच्या रेणूंना त्या हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा याच परिणामावर आधारलेल्या आहेत. संपूर्ण शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली, तर शरीराचे तापमान अंदाजे एक अंशाने वाढू शकते. सर्वसामान्य नागरिकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ०.०८ वॅटवर, ठेवलेली आहे. यावरून टॉवरसाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघते, त्याच्याही एक दशांश प्रमाण भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केले. ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅट ही आंतरराष्ट्रीय मर्यादा होती, ती आपल्याकडे ०.४५ वॅट झाली.

आता आपल्या खिडकीकडे वळू. गच्चीवर उभ्या लांबट पेट्या दिसतात, त्या अँटेना. त्यांतून निघणारा झोत आडवा पसरतो, उभ्या दिशेने तो बारीक असतो आणि क्षितिजापासून काही अंशच खाली कललेला असतो. ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या खालच्या मजल्यांवर या लहरी फार कमी पोहोचतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तसाच हा प्रकार आहे. समोरच्या इमारतीत अँटेनाच्या उंचीवर असलेल्या घरात त्या त्यामानाने अधिक येतात. म्हणून टॉवर दिसतो की नाही याहून तो किती अंतरावर आहे, त्याच्या पेट्यांचे तोंड कोणीकडे आहे आणि तुमचा मजला त्यांच्या पातळीत आहे का, हे पाहावे. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये निरनिराळ्या सर्वेक्षणांचा आढावा घेतला, तेव्हा टॉवरमुळे लोकांपर्यंत पोहोचणारी पातळी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ०.००२ ते २ टक्के इतकी आढळली होती. आपली मर्यादा दहा पटींनी कडक असल्यामुळे भारतीय मापाने तीच पातळी ०.०२ ते २० टक्के होते. सर्वांत वाईट आकडा धरला तरी तो मर्यादेच्या बराच आत आहे.

कर्करोगाच्या दोन रुग्णांबद्दल लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्या आपल्या शेजारणी आहेत. तरीही हे सांगणे भाग आहे की मुंबईतल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि १९६३ पासून चालू असलेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीमुळे आपल्याला हे चांगले ठाऊक आहे. आयुष्यभरात दर नऊ भारतीयांपैकी एकाला कोणता ना कोणता कर्करोग होण्याचा संभव आहे, असा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज आहे. इतक्या मोठ्या शहरात काही इमारतींत दोन-तीन रुग्ण एकाच काळात निघणारच, आणि त्यांतल्या अनेक इमारतींसमोर टॉवरही असणार, कारण दाट वस्तीत टॉवर सर्वत्रच आहेत. शिवाय अशी गाठ हाताला लागण्याइतकी वाढायला बहुधा अनेक वर्षे जातात. तीन वर्षांपूर्वी आलेल्या टॉवरवर तिचा दोष ठेवता येत नाही.

घर बदलण्याची गरज मला दिसत नाही. आपल्या इमारतीतल्या चाळिशी ओलांडलेल्या सर्व भगिनींनी स्तनांची तपासणी करून घ्यावी, असे मात्र आग्रहाने सुचवतो. टॉवर हटवण्यासाठी जितकी धावपळ होते, त्याच्या चौथ्या हिश्शाने जरी या तपासणीसाठी झाली तरी त्यातून कोणाचा तरी जीव वाचू शकेल. नातवाचे आणि सुनेचे म्हणाल, तर त्यांच्या शरीरापर्यंत सर्वांत जवळून येणाऱ्या रेडिओलहरी हातातल्या फोनच्या आहेत. फोन कानापासून चार बोटे दूर धरला, स्पीकरवर किंवा तारेच्या इअरफोनवर बोलले, तरी डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा पुष्कळच कमी होते.

प्रश्न : जागतिक आरोग्य संघटनेनेच मोबाइलच्या लहरींना कर्करोगकारक ठरवले आहे, मग शास्त्रज्ञ लोकांना निश्चिंत राहायला कसे सांगतात? (निवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर : मे २०११ मध्ये या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना '२ ब' या गटात घातले. या गटाचे नाव 'कदाचित कर्करोगकारक' असे आहे. तंबाखू, सुपारी आणि सूर्याची अतिनील किरणे पहिल्या गटात येतात, जिथे पुरावा निर्णायक आहे. '२ ब' गटाचा अर्थ असा की काही अभ्यासांत संबंधाची खूण दिसली, परंतु योगायोग, चुकीची आठवण किंवा अन्य कारणे नाकारता आली नाहीत. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. हे गट पुराव्याच्या बळाप्रमाणे लावलेले असतात. धोका किती मोठा आहे हे त्यांवरून कळत नाही. सर, आपण वर्गात शक्यता आणि प्रमाण यांतला फरक शिकवला असेल. इथे तोच आहे.

ती खूण मुख्यतः १३ देशांत झालेल्या 'इंटरफोन' अभ्यासातून आली होती. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर फोन वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत, पण सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्क्यांत, म्हणजे आयुष्यात एकूण १,६४० तासांहून अधिक बोललेल्यांत, ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळले. अडचण अशी होती की आजारी माणसांना दहा वर्षांपूर्वीच्या बोलण्याचे तास आठवून सांगायचे होते आणि काहींनी दिवसाला बारा-बारा तास बोलल्याचे सांगितले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगात दररोज नऊ तास, दोन वर्षे, संपूर्ण शरीरावर तीव्र लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयातील एका प्रकारच्या गाठी वाढल्या. मादी उंदरांत तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि लहरी सोसलेले नर उंदीर न सोसलेल्यांपेक्षा जास्त जगले. असे परस्परविसंगत निकाल आले की प्रामाणिक शास्त्रज्ञ पुढचा अभ्यास करतात, आणि तो झाला.

१४ देशांतल्या १० ते २४ वयाच्या मुलामुलींचा 'मोबी-किड्स' हा अभ्यास, ज्यात भारतही होता, २०२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला; त्यात फोनचा वापर आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, १९९४ ते २०२२ या काळातल्या ६३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. मला सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट मात्र याहून साधी आहे. गेल्या तीस वर्षांत फोन वापरणारे काही कोटींवरून अब्जांवर गेले, तरी ज्या देशांत कर्करोगाच्या नोंदी दीर्घकाळ नीट ठेवल्या जातात तिथे मेंदूच्या गाठींचा आलेख त्या प्रमाणात वर चढलेला नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवण्याचा प्रस्ताव एका कंपनीने दिला आहे. भाडे चांगले आहे. मोठ्या दुरुस्तीचा खर्च त्यातून निघेल. वरच्या मजल्यावरच्या सभासदांचा कडवा विरोध आहे. इमारत १९८४ ची आहे. सर्वसाधारण सभेत मी काय सांगावे? (एका सोसायटीचे सचिव, मुलुंड)

उत्तर : आपल्या पत्रात लहरींविषयी दोन पाने आहेत आणि इमारतीच्या वयाविषयी अर्धी ओळ. माझ्या मते सभेत क्रम याच्या उलट हवा.

इमारत चाळिशीची झाली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावेच लागते. ते झाले आहे का आणि त्यात गच्चीच्या स्लॅबविषयी काय लिहिले आहे, हे आधी सभेपुढे ठेवा. मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इमारतीवर लोखंडी मनोरा, बॅटऱ्यांची कपाटे आणि कदाचित डिझेल जनरेटर यांचे ओझे चढवायचे आणि त्याच्या भाड्यातून दुरुस्ती करायची, हा हिशेब मला धोक्याचा वाटतो. पावसाळ्यात बोल्ट ठोकलेल्या जागांतून होणारी गळती, वाऱ्याचा जोर, रात्री चालणाऱ्या जनरेटरचा आवाज आणि धूर या वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या खऱ्या अडचणी आहेत. 'रेडिएशनने काही होत नाही' एवढे एक वाक्य ऐकवून त्या निकालात काढणे अन्यायाचे होईल. स्वतंत्र अभियंत्याचा लेखी अहवाल आणि महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय करारावर सही करू नये.

लहरींचे म्हणाल, तर अँटेना ज्या गच्चीवर आहे तिच्या खालच्या घरात झोताची दिशा आणि मधला स्लॅब या दोहोंमुळे त्या क्षीण होऊन येतात. जपायची जागा आहे ती अँटेनाच्या अगदी समोरचे काही मीटर, त्याच पातळीवर. आपल्याकडे गच्चीवर उन्हाळ्यात पापड वाळतात आणि संक्रांतीला मुले पतंग उडवतात. त्यामुळे त्या पट्ट्याला कुंपण आणि ठळक फलक लावण्याची, तसेच अँटेनांची तोंडे इमारतीच्या कडेवरून बाहेर ठेवण्याची अट करारात घाला.

सभेत कोणी पवई आयआयटीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांचा दाखला देईल. त्यांनी २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल देऊन याहून पुष्कळ कडक मर्यादांची मागणी केली होती आणि त्या काळी झालेल्या सार्वजनिक चर्चेत त्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या मर्यादांना बहुसंख्य आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमित्यांचा आधार नाही, असे माझे मत आहे. पण टॉवर कुठे आहे आणि त्याची पातळी किती आहे हे नागरिकाला कळले पाहिजे, ही या चर्चेतून पुढे आलेली मागणी शंभर टक्के रास्त होती. आज त्याची सोय आहे. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि शुल्क भरून आपल्या जागी मोजणी मागवता येते. संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा हे शुल्क ४,००० रुपये होते. पन्नास घरांत वाटले तर घरटी ऐंशी रुपये पडतात. दादरच्या भगिनींनाही माझे हेच सांगणे आहे. मोजणीच्या वेळी विरोध करणाऱ्या सभासदांना तिथे उभे करा आणि आकडे त्यांच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट सभेत आवर्जून सांगावी. फोन आपली शक्ती टॉवरच्या अंतराप्रमाणे कमी-जास्त करतो. रेंज चांगली असेल तर तो हळू बोलतो. लिफ्टमध्ये, तळघरात किंवा धावत्या लोकलच्या गर्दीच्या डब्यात रेंज तुटू लागली की तो जणू ओरडून बोलतो. वस्तीतले सगळे टॉवर दूर गेले तर प्रत्येकाच्या कानाशी धरलेला फोन अधिक शक्तीने लहरी सोडेल. टॉवर आपल्याच गच्चीवर असावा असा याचा अर्थ नाही, पण 'टॉवर नको आणि फोन हवा' या ठरावाने लहरी कमी होत नाहीत, हे सभासदांना कळायला हवे.

प्रश्न : फाइव्ह-जी जुन्या लहरींपेक्षा घातक आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अंधेरी)

उत्तर : भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ आणि ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यांत चालते. घरातले वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर कित्येक वर्षे चालत आले आहे. २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही दिलेला आहे. त्या लहरी त्वचेत मिलिमीटरभरच शिरतात आणि भिंतीने अडतात. अभिनेत्री जुही चावला यांची याविषयीची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये फेटाळली, असे आपण लिहिले आहे. ते खरे आहे, पण न्यायालयाच्या निकालाला वैज्ञानिक पुरावा मानू नये, बाजूने असो वा विरुद्ध. उच्च पट्ट्यांवरचे आरोग्यविषयक अभ्यास जुन्या पट्ट्यांच्या मानाने थोडे आहेत आणि ते चालू राहिले पाहिजेत.

प्रश्न : घरात वाय-फाय चालू असले की माझे डोके दुखते, कान वाजतात, झोप लागत नाही. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. (एक गृहिणी, बोरिवली)

उत्तर : आपले डोके दुखते हे खरे आहे आणि ते कोणी नाकारू नये. अशा तक्रारी जगभरातून येतात. त्यांची कसून तपासणी झाली आहे: खोलीत लहरी चालू आहेत की बंद, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि प्रयोग करणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने. या प्रयोगांत लोकांना लहरी ओळखता आल्या नाहीत आणि लहरी बंद असतानाही, त्या चालू आहेत असे वाटले की, दुखणे सुरू झाले. अपायाची धास्ती शरीराला खरोखर त्रास देते, हे वैद्यकाला मान्य आहे, आणि त्यात रुग्णाचा दोष काही नसतो. माझी चिंता वेगळी आहे. वाय-फायवर बोट ठेवल्यामुळे रक्तदाब, चष्म्याचा नंबर, कानाचा विकार, रक्तक्षय किंवा मनावरचा ताण यांपैकी खरे कारण तपासायचेच राहून जाते. डॉक्टरांना सर्व लक्षणे सांगा. रात्री राउटर बंद ठेवल्याने बरे वाटत असेल तर खुशाल बंद ठेवा, आणि फोन उशाशी न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवा. झोप मोडण्यात त्याच्या पडद्याचा आणि संदेशांच्या आवाजाचा हात मोठा असतो.

प्रश्न : फोनला लावायची रेडिएशनरोधक चिप खरेच उपयोगी असते का? (अनेक वाचक)

उत्तर : नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली अशी चिप सादर केली, तेव्हा देशातल्या शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला होता. चिपने लहरी खरोखर अडवल्या तर फोनच चालणार नाही, आणि थोड्या अडवल्या तर तो शक्ती वाढवून भरपाई करील. फोनवर *#०७# हा क्रमांक दाबल्यास त्याचे शोषणमूल्य, म्हणजे फोनजवळच्या शरीराच्या लहानशा भागात किती ऊर्जा शोषली जाऊ शकते तो आकडा, दिसते. भारतात ते दर किलोग्रॅमला १.६ वॅटच्या आत असणे बंधनकारक आहे. हे मूल्य पूर्ण शक्तीवर मोजलेले असते, म्हणून ०.९ चा फोन १.१ च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात कमी लहरी देईलच असे नाही.

प्रश्न : वडिलांना गेल्या महिन्यात पेसमेकर बसवला. त्यांनी मोबाइल वापरावा का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : अवश्य वापरावा, मात्र पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच, दूर ठेवून. आजच्या पेसमेकरना बाहेरच्या लहरींपासून चांगले संरक्षण असते. काही नव्या फोनमधल्या चुंबकांमुळे हे अंतर अधिकच महत्त्वाचे झाले आहे. पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला फोन लावावा. उपकरणासोबत मिळालेले ओळखपत्र नेहमी जवळ असू द्यावे आणि त्यावरच्या सूचना हृदयरोगतज्ज्ञांकडून समजावून घ्याव्यात. आपल्याकडच्या सदऱ्याला खिसा बहुधा डावीकडे असतो आणि पेसमेकरही बहुतेकदा डाव्या खांद्याखालीच बसवलेला असतो, तेव्हा वडिलांचे सदरे शिंप्याकडे देऊन तो खिसा उसवून घ्यावा आणि उजव्या बाजूला, कमरेशी, नवा लावून घ्यावा.